घट

मंगळवारी सातव्या डब्याला मोटरीनं वास सोडला,
आधी करपलेल्या भाकरीचा, मग नुसता काळा.
पट्टा थांबला.
रांगेतले डबे रांगेतच राहिले.

साडेसात हॉर्सपॉवर. चौघांनी उचलून टेम्पोत घातली.
गर्लगुंजी ते उद्यमबाग मी शेजारी बसून,
ताडपत्रीखाली ती अजून कोमट.

पहिल्या दुकानात न उघडताच म्हणाला, पाच हजार.
तार कसली घालणार, विचारलं,
तर शेजारच्याशी कानडीत काही बोलून हसला.
कानडी मला कळतं. ते हसणं कळलं नाही.

मल्लेशी कम्मारानं आधी झाकण काढलं.
'बगा की अक्का, तुमचंच पीठ.'
पंख्यामागं, जाळीत, कण्याभोवती
सात वर्षांचे गहू, जोंधळे, तांदूळ
भिंतीच्या पोपड्यासारखे धरलेले.
'ह्येनं दम कोंडला. सहा हजार चारशे. शुक्रवारी न्ह्या.'

शुक्रवारी सकाळी त्याचाच फोन:
वार्निश वाळलं नाही, ओलं देऊ म्हणत असाल तर देतो,
पण नको.
म्हणजे आणखी एक दिवस बंद.

बिलाची अक्षरं कानडी, आकडे सगळ्यांचे.
प्राजू कानडी शाळेत जाते, तिनं बोट ठेवून वाचलं:
तांब्याची तार चार किलो, वार्निश, बेरिंग दोन, कूली.

'आणि जुनं तांबं?'
तो थांबला. आतून गोणपाट आणलं,
काळं कुरकुरीत वेटोळं काट्यावर टाकलं. तीन किलो दोनशे.
'न्हेता तर न्ह्या. मग कूली पंधराशेनं वाढती.
जुनं धरूनच रेट असतोय अक्का. सगळ्यांचाच.'
भंगारवाला पाचशेनं घेणार, काळं म्हणून वर कापणार.
उभ्या उभ्या हिशेब दोनदा चुकला,
तिसऱ्यांदा शंभर रुपये उरले,
तेही कुणाच्या बाजूला ते ठरेना.
तांबं तिथंच ठेवलं.

पीठ त्यानं ब्रशनं खरवडून काढलं होतं, मी बघत होते.
त्याचे पैसे बिलात कुठंच नव्हते.
बेरिंगचे होते.
दोन्ही जुनी, न मागता, कागदात बांधून दिली.
एक खरखरतं.
दुसरं टेम्पोत बोटावर फिरवलं,
पिरनवाडी मागं पडली तरी थांबायला तयार नाही.

रविवारी मोटर लावली. आवाज असा, की कान देऊन ऐकावा लागतो.
नवरा म्हणाला, लुटलं तुला.
दीर म्हणाला, स्वस्तात सुटलीस.
दोघांनीही दुकान बघितलेलं नाही.
मी म्हटलं, पुढच्या वेळीही तिथंच.
पण बेरिंग आपण विकत घेऊन जायचं.

तेवढ्यात जनाक्का. ती घरनं मापून आणते.
'पाच किलो आणल्ते की गं. चार-आठशे भरूलालंय.'
'घट असती जनाक्का. जात्यात राहतंच. सगळीकडंच.'
बोलले आणि जीभ अडली.
सगळ्यांचाच, असं तोही म्हणाला होता,
ह्याच आवाजात,
काट्याकडं न बघता.

खरी घट शंभर ग्रॅम, कधी दीडशे.
बाकीचं मोटरीच्या जाळीत जातं, असं आता सांगता येईल मला,
डोळ्यांनी पाहिलंय.
सगळंच तिथं नव्हतं, तेही पाहिलंय.
आमच्या चपात्या कुठल्या पिठाच्या,
सात वर्षांत कुणी विचारलं नाही.

दोन मुठी टाकल्या डब्यात.
काटा पाचाला टेकला नाही.
जनाक्का बघत राहिली, मग 'असू दे,' म्हणाली,
आणि झाकण लावलं, जरा जोरातच.

प्राजू गल्ल्याशेजारी ते बेरिंग फिरवत होती.
'आई, हे चांगलंच हाय की गं.'
'दिसतंय तर चांगलं,' मी म्हणाले,
आणि पुढचा डबा ओढला.